पंखा चारवर राहील

मराठी माणूस ऑफिसात भांडत नाही. भांडायला हा काय चाळीतला नळ आहे का, असं म्हणून तो बोलणं बंद करतो. मग हा अबोला प्रॉव्हिडंट फंडासारखा दरमहा थोडाथोडा साठवत थेट निवृत्तीपर्यंत नेतो. मधे अगदीच नड आली तर थोडी उचल घेतो, म्हणजे एखाददुसरं वाक्य बोलतो, आणि पुढच्या महिन्यापासून भरणा पुन्हा सुरू. बाहेरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. पुण्यातल्या आमच्या निमसरकारी ऑफिसात जो येतो तो म्हणतो, "किती शांतता आहे हो तुमच्याकडे!"

असणारच. बोलायला माणसं लागतात, आणि आमच्याकडे नुसते कर्मचारी आहेत.

अर्थात अबोल्यापर्यंत एकदम कुणी जात नाही. आधीचे टप्पे रीतसर पार पाडावे लागतात. पहिला सुस्कारा. समोरच्याला ऐकू जाईल, पण त्याला कारण विचारता येणार नाही, इतक्याच आवाजात तो सोडायचा असतो. विचारलंच कुणी, तर उत्तर ठरलेलं, "कुठं काय?" सुस्काऱ्यानं काम भागलं नाही की मग 'काही लोक' अवतरतात. 'काही लोक' हे आमच्या ऑफिसातले सर्वांत जुने कर्मचारी. मस्टरवर त्यांची सही नसते, पण सगळे गुन्हे त्यांच्याच नावावर. काही लोक डबा खाऊन टेबल पुसत नाहीत. काही लोक पाचलाच पिशवी आवरायला घेतात. काही लोकांना साहेबांच्या केबिनमध्ये चहा मिळतो. गंमत अशी, की ज्याला उद्देशून हे चाललेलं असतं तो दोन हातांवर बसून मान डोलावतो आणि म्हणतो, "हो ना, काही लोक असतातच तसे." यानंतर येतं ते "मी काही बोलत नाही." हे वाक्य एकदा का उच्चारलं, की पुढची वीस मिनिटं तो माणूस थांबत नाही.

आणि तरीही काही घडलं नाही, तर टिपणी. 'सविनय सादर करण्यात येते की' अशी सुरुवात असलेल्या कागदात जितका राग मावतो तितका आवाज चढवूनही मावत नसावा.

माझं टेबल आस्थापना शाखेचं. माझ्या डाव्या हाताला आवक-जावकचे काका बसतात आणि उजव्या हाताला लेखा शाखेतल्या मॅडम. त्या दोघांचा अबोला माझ्या बदलीच्याही आधीचा आहे. मी इथं रुजू झालो तेव्हा टेबल, खुर्ची, स्टेपलर आणि हा अबोला असं सगळं एकत्रच माझ्या ताब्यात आलं. दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. "त्यांना म्हणावं, मागच्या महिन्याचं पत्र अजून आलं नाही." मॅडमचा आवाज काकांना स्वच्छ ऐकू जातो, तरी ते माझ्याकडे बघतात. मी म्हणतो, "मॅडम म्हणतायत, पत्र आलं नाही." मग काका म्हणतात, "त्यांना म्हणावं, पाठवलंय." ही मध्यस्थी माझ्या कर्तव्यसूचीत नाही, पण गेली काही वर्षं मी दुसरं फारसं काही केलेलं नाही.

भांडणाचं मूळ म्हणजे पंखा. आम्हा तिघांवर मिळून एकच पंखा आणि त्याचा रेग्युलेटर मॅडमच्या मागच्या भिंतीवर. मॅडमना तो पाचवर लागतो. मार्चनंतर पुण्यात पंख्याशिवाय आकडे जुळत नाहीत, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पंखा पाचवर गेला की काकांच्या टेबलावरचं टपाल उडतं. ज्या माणसाचं आयुष्य प्रत्येक कागदाला क्रमांक देण्यात गेलं, त्याच्यासमोर क्रमांक न पडलेले कागद हॉलभर उडताना बघणं म्हणजे काय, हे समजायला तो चेहराच बघावा लागतो. काका उठतात आणि काही न बोलता पंखा एकवर करून येतात. मॅडम सुस्कारा सोडतात. दहा मिनिटांनी त्या उठतात. शिपायानं एकदा समजूतदारपणे तो तीनवर ठेवून पाहिला. त्या दिवशी मॅडमना घाम आला, काकांचे कागद उडाले, आणि दोघंही शिपायाशी बोलेनासे झाले.

हे सगळं असंच नीट चाललं असतं, पण मार्च आला. 'प्रशिक्षण' या लेखाशीर्षाखाली थोडा निधी शिल्लक आहे असं मॅडमच्याच लक्षात आलं. तो परत जाऊ नये म्हणून आमच्यातले मतभेद मिटवायचं ठरलं.

प्रशिक्षक आला तो तरुण होता, हसतमुख होता, आणि त्याच्याकडे चार रंगांची कार्डं होती. "गुड मॉर्निंग, टीम!" म्हणाला. कुणी उत्तर दिलं नाही, कारण तो नक्की कुणाला उद्देशून बोलतोय ते कळेना. मग त्यानं फळ्यावर चार अक्षरं काढली : डी, आय, एस, सी. डी म्हणजे हुकूम सोडणारा, निकालाची घाई असलेला. आय म्हणजे माणसांत रमणारा, बोलघेवडा. एस म्हणजे संथ, स्थिर, बदल नको असलेला. सी म्हणजे नियमाला आणि तपशिलाला चिकटून राहणारा. समोरचा यातला कोण हे एकदा कळलं, की त्याच्याशी कसं वागावं ते कळतं आणि संघर्ष निम्मा होतो, असं त्याचं म्हणणं. उरलेल्या निम्म्याचं काय, हे काकांना विचारायचं होतं. ते त्यांनी मला विचारलं.

ही चार अक्षरं कुठून आली ते प्रशिक्षकानं दोन वाक्यांत उरकलं, ही मोठीच चूक. खरा मसाला तिथंच होता. विल्यम मार्स्टन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1928 साली सर्वसामान्य माणसांच्या भावनांवर पुस्तक लिहिलं, त्यात ही चौकडी आहे. याच गृहस्थानं रक्तदाबावरून माणूस खोटं बोलतो की नाही हे ओळखण्याचा खटाटोप केला होता. आणि पुढे 1941 मध्ये याच गृहस्थानं वंडर वूमन ही चित्रकथांमधली नायिका जन्माला घातली, जिच्या सोनेरी दोरीत अडकलेला माणूस खरं बोलून जातो. एकंदरीत लोक खरं बोलत नाहीत ही बोच या माणसाला फार असावी. तो आमच्या ऑफिसात नोकरीला असता तर रक्तदाबाचं यंत्र आधी त्यालाच लावावं लागलं असतं. प्रश्नावली मात्र त्याची नव्हे. त्यानं फक्त विचार मांडला, भरायचे तक्ते नंतरच्या लोकांनी काढले आणि त्यांचा धंदा झाला.

"चार?" काका पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "आपल्याकडे तीनांत भागतं की. वात, पित्त, कफ." ग्रीकांकडेही शरीरातल्या चार रसांवरून माणसाचे चार स्वभाव ठरवण्याची पद्धत होती, असं प्रशिक्षकानं नम्रपणे सांगितलं. त्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी दासबोध काढला. तो निघणारच होता. समर्थांनी दुसऱ्या दशकाची सुरुवातच मूर्खलक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खानं. स्वभाव ओळखण्याची अख्खी मार्गदर्शिका सतराव्या शतकापासून घराघरांत आहे. अडचण एवढीच, की ती वाचताना प्रत्येकाला शेजारच्या टेबलाची आठवण होते. चार रंगांच्या कार्डांचा फायदा हा, की त्यात मूर्खाचा रंग ठेवलेला नाही. फी भरून आलेल्यांसाठी एवढी सोय करावीच लागते.

मग प्रश्नावली. आमच्या हॉलमध्ये लगेच अफवा पसरली, की याचा निकाल गोपनीय अहवालात लागणार. गोपनीय अहवालाशी आमचं नातं जुनं आहे. माणसाचा वर्षभराचा स्वभाव तिथं दोन शब्दांत मावतो, आणि त्यातला एक शेरा 'निश्चित चांगला' असा असतो. तो नुसत्या 'चांगला'पेक्षा वरचा. नुसता चांगला असलेल्या माणसाबद्दल शासनाची खात्री पटलेली नसते. तेव्हा असल्या अहवालावर वाढलेली माणसं प्रश्नावली काय मोकळेपणानं भरणार? साहेबांनी काय लिहिलं याचा अंदाज घेऊन तीनजणांनी स्वतःला डी करून टाकलं. त्यातले एक गेली कित्येक वर्षं 'साहेबांना विचारून सांगतो' याखेरीज काही बोललेले नाहीत. दोघांनी एकमेकांचं बघून लिहिलं आणि दोघंही स्वतंत्र विचारांचे निघाले.

एक प्रश्न असा होता, की सहकारी तुमचं काम वेळेत देत नाही, तर तुम्ही काय कराल? थेट सांगाल, गोडीनं सांगाल, वाट बघाल की नियम दाखवाल? काकांनी हात वर केला. "यातलं काहीच नाही. मी गप्प बसेन."

"मग त्याला कळणार कसं?"

"मी गप्प बसलोय हे कळेल ना."

"पण सर, का गप्प बसलाय ते?"

"ते त्याला कळायला हवं," काका म्हणाले. मॅडमनी मान हलवली. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं.

प्रशिक्षकानं पोतडीतून दुसरा तक्ता काढला. थॉमस आणि किलमन या दोघांचं नाव असलेली ही मांडणी 1974 पासून चालू आहे. भांडण समोर आलं की माणूस पाच तऱ्हांनी वागतो : झुंजतो, जुळवून घेतो, तडजोड करतो, मिळून मार्ग काढतो किंवा टाळतो. टाळणं तक्त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलेलं होतं. स्वतःचा आग्रह नाही आणि दुसऱ्याची पर्वाही नाही, अशांची ही जागा. मला हे मान्य नाही. आमच्याकडे जो टाळतो त्याचा आग्रह सर्वांत जास्त असतो. अबोला धरलेल्या माणसाला दिवसभर दुसरं कामच उरत नाही. समोरचा कधी आला, कुणाशी हसला, डब्यात काय आणलं, याची नोंद ठेवण्यात त्याची शक्ती खर्च होते. इतकी पर्वा तर मित्रसुद्धा करत नाहीत.

दुपारी निकाल वाटले. प्रत्येकाच्या हातात रंगीत कागद, आणि हॉलमध्ये एकच कुजबुज, "अगदी बरोबर लिहिलंय हो!" इथं मला बर्ट्रम फोररची आठवण झाली. या अमेरिकी प्राध्यापकानं 1948 साली विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं वर्णन बंद कागदात दिलं. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी 4.26 आली. मग कळलं, की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि तो त्यानं रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून जमवला होता. आमच्या प्रशिक्षकानं असली लबाडी केलेली नव्हती, त्याचे कागद खरोखर वेगवेगळे होते. पण जेवणाच्या गर्दीत दोघांची अदलाबदल झाली होती आणि संध्याकाळपर्यंत दोघंही आपापल्या चुकीच्या कागदावर खूष होते.

एवढ्यावर हा लेख संपवून असल्या चाचण्यांची टिंगल करता आली असती. ते सोपं आहे, आणि पुण्यात तर त्याला लेखकही लागत नाही. पण त्या पोरानं जाताजाता एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यात राहिली. तो म्हणाला, तुमच्या भांडणांमध्ये काय झालं यापेक्षा समोरच्यानं ते मुद्दाम केलं हीच तक्रार जास्त असते. मी दोन्ही बाजूंना ऐकलं असल्यामुळे मला ते ताबडतोब पटलं. काकांच्या मते मॅडम पंखा मुद्दाम वाढवतात. मॅडमच्या मते काका पंखा मुद्दाम कमी करतात. वस्तुतः मॅडमच्या डोक्यात आकड्यांपलीकडे कोणी नसतं आणि काकांच्या डोक्यात टपालापलीकडे. एकमेकांना छळण्याइतका वेळ दोघांनी कधी एकमेकांना दिलेलाच नव्हता.

पहिले पंधरा दिवस मात्र या चार अक्षरांनी हैदोस घातला. पूर्वी साहेब ओरडले तर नंतर त्यांना जरा अवघडल्यासारखं व्हायचं, एखादा चहा मागवायचे. आता ते ओरडून झाल्यावर "मी डी आहे" म्हणतात आणि चहा बंद झाला. एका लिपिकानं तीन आठवडे रखडलेल्या नस्तीवर खुलासा दिला, की त्याची प्रवृत्ती एस असल्यामुळे घाई करणं त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. भांडारातले आय दिवसभर जागेवर सापडेनात, कारण माणसांत रमणं आता अधिकृत झालं होतं. स्वभावाला औषध नाही हे आपण पूर्वीपासून म्हणतो, पण त्याचं प्रमाणपत्र कुणी दिलेलं नव्हतं. शिवाय 'काही लोक' बेकार झाले. त्यांच्या जागी 'सी लोक' आणि 'एस लोक' असं बोललं जाऊ लागलं. टोमण्याला संवर्ग मिळाला.

डाव्या-उजव्या बाजूचा निकाल मात्र स्वच्छ होता. मॅडम सी, काका एस. त्यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. काकांच्या कागदावर लिहिलं होतं, की यांना अचानक झालेला बदल सोसत नाही, काही करायचं असेल तर आधी कल्पना द्या. मॅडमच्या कागदावर होतं, की यांना कारण आणि तपशील लेखी लागतो. ते दोन्ही कागद वाचनासाठी माझ्याच टेबलावरून गेले, कारण दुसरा रस्ता नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, उद्या अकरा ते एक पंखा चारवर राहील."

मी का कुणास ठाऊक, पण म्हणालो, "मॅडम, लिहून द्या."

मॅडमना लिहून द्यायला सांगणं म्हणजे आमंत्रणच. पाच मिनिटांत टंकलिखित कागद आला. विषय, संदर्भ, आणि मजकूर : मासिक ताळमेळाचं काम असल्यानं उद्या सकाळी अकरा ते एक या वेळेत पंखा चारवर राहील, तरी आपल्याकडील टपाल सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था व्हावी. खाली सही, प्रत माहितीस्तव आस्थापना शाखा. मी तो कागद काकांसमोर ठेवला.

काकांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. आणि मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही प्रशिक्षकाला सुचलं नसतं. त्यांनी शिक्का उचलला, कागदावर मारला, तारीख घातली आणि आवक नोंदवहीत क्रमांक टाकला. पाठवणाऱ्याचं नाव : लेखा शाखा. विषय : पंखा.

इतकी वर्षं जो वाद हवेत होता त्याला एकदाचा क्रमांक पडला. आणि ज्या कागदाला क्रमांक पडला त्याच्यावर काका रागावू शकत नाहीत, त्यांना ती सवयच नाही. दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी सगळ्या टपालावर पेपरवेट ठेवले. दोन पेपरवेट कमी पडले तर ते भांडारातून लेखी मागणी करून आणले. पंखा चारवर गेला. एकही कागद हलला नाही. एक वाजता जावक क्रमांकासह मॅडमना उत्तर गेलं : संदर्भाधीन पत्रानुसार कार्यवाही पूर्ण झाली असून एक वाजल्यानंतर पंखा दोनवर आणावा ही विनंती. मॅडमनी तो आणला. वेळ नोंदवली.

तेव्हापासून हा पत्रव्यवहार अखंड चालू आहे. उन्हाळ्यात रोज, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा. बोलणं अजून नाही, त्याची दोघांनाही गरज वाटत नाही. पण भाषेत फरक पडला आहे. पहिल्या पत्रात 'व्हावी' होतं, आता 'कृपया' आलं आहे. दिवाळीच्या आधी मॅडमच्या पत्राखाली 'शुभेच्छांसह' असंही होतं. काकांनी त्याची वेगळी नोंद घ्यावी का, असं मला विचारलं.

यंदा लेखापरीक्षण पथक आलं. त्यांच्यातल्या एका ताज्या दमाच्या परीक्षकानं आवक नोंदवही चाळायला घेतली आणि तो 'पंखा' या विषयापाशी थबकला. मग पुढे, मग मागे. संध्याकाळी अर्धसमास, म्हणजे लेखापरीक्षणाचा शंका विचारणारा कागद, आला. एकाच खोलीतल्या दोन शाखांमध्ये पंख्याबाबत इतका मोठा पत्रव्यवहार होण्याचं प्रयोजन काय, त्यासाठी वापरलेल्या कागदाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकला, आणि मे महिन्यातल्या एका पत्रात पंखा चारवर ठेवण्याचं कळवलं असताना अनुपालनाची नोंद आढळत नाही, याचा खुलासा करावा.

तो कागद माझ्या टेबलावर आला. मी सवयीनं डावीकडे वाचून दाखवायला लागलो, तेवढ्यात मॅडम खुर्ची ओढून माझ्या टेबलाला वळसा घालून थेट काकांसमोर जाऊन बसल्या.

"अनुपालन नाही म्हणे," मॅडम काकांना म्हणाल्या. मध्ये मी नव्हतो.

"त्या दिवशी लाईट गेली होती," काका मॅडमना म्हणाले. "मी वीज कंपनीचं पत्र जोडतो."

"आणि कागद पाठकोरे होते."

"सगळे पाठकोरे."

"हा मुद्दाम करतोय," मॅडम म्हणाल्या.

"मुद्दामच," काका म्हणाले आणि त्यांनी अर्धसमासावर शिक्का मारला.